लिथियम, मे महिन्याचं ऊन आणि किडनीची भीती

“ताई, लिथियमने किडनी जाते म्हणतात. बंद करू का?” बायपोलर म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार, आणि लिथियम ही त्यावरची गोळी. हा आजार असलेल्या घरांतून हा प्रश्न मला नेहमी येतो.

चोपड्याकडचे एक केळीवाले काका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) मे महिन्यात काकूंसोबत आले तेही हेच विचारायला. “आते डोकं बेस शे, मंग गोया कसाले?” काकांचा सवाल. माझं लक्ष मात्र त्यांच्या हाताकडे. चहा बशीत ओतताना निम्मा टेबलावर गेला. लिथियमवर बोटांना बारीक कंप असू शकतो, पण ही थरथर भलतीच होती. चालताना झोक जात होता, दोन दिवसांपासून जुलाब.

समुपदेशक फक्त मनाचंच विचारणार, असं लोक धरून चालतात. मी विचारलं, पाणी किती पिता, दुखण्याची गोळी कोणती? काकूंनी पिशवीतून डायक्लोफिनॅकची पट्टी काढली. घड उचलून कंबर धरलेली, म्हणून मेडिकलवरून आणलेली. शिवाय बीपीसाठी कुणाच्या तरी सांगण्यावरून मीठही सोडलेलं!

घाम-जुलाबाने अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की किडनी मीठ धरून ठेवते, त्याबरोबर लिथियमही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी ते आणखी साठतं. गोळ्या थांबवणं माझ्या अखत्यारीत नाही, म्हणून तिथूनच मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. पुढचा डोस थांबवा, आत्ताच दवाखान्यात न्या, असं ते म्हणाले. रक्तातलं लिथियम १.७ निघालं, एरवी ते ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. सलाईन लागलं, उतार पडला. किडनीचा रिपोर्ट ठीक आला, तेव्हा डॉक्टरांनी कमी डोसवर गोळी पुन्हा सुरू केली.

किडनीची भीती अगदीच खोटी नाही. वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या किडनीवर, थायरॉईडवर परिणाम होतो. म्हणून तर साधारण दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), टीएसएच (थायरॉईडची) आणि लिथियमची पातळी बघतात. पातळीसाठी रक्त आदल्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. मनाने एकदम बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका मोठा.

“मंग कंबर दुखनी तर?” काकूंनी विचारलं. पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. आणि मीठ नेहमीएवढंच. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करायचा.