श्वास लागतो, प्राण जातात

दर्यापूरकडच्या एका वाचकानं विचारलंय: गावातल्या योगशिबिरात 'प्राण म्हणजेच श्वास' असं शिकवलं. त्याच दिवशी घरचा म्हातारा बैल कान टाकून बसलेला, ढेपीलाही तोंड लावेना. आबाजी म्हणाले, "श्वास चालू हाये, पन प्रान नाही राह्यला त्याच्यात." मग बरोबर कोण?

मी आबाजींच्या बाजूचा.

शिबिरवाल्यांनाही आधार आहे म्हणा. 'प्राण' आला 'अन्' या धातूवरून, म्हणजे श्वास घेणे. अपान, व्यान, उदान, समान ही त्याचीच भावंडं, आणि वाऱ्याचा 'अनिल'ही त्याच घरचा. पतंजलींनीसुद्धा प्राणायामाची व्याख्या श्वास-प्रश्वासाची गती तोडणं अशीच केली (योगसूत्र 2.49).

पण धातूचा अर्थ श्वास घेणे, म्हणून शब्दाचा अर्थही तोच राहतो असं नाही. चरकसंहितेत 'श्वास' हे चक्क रोगाचं नाव आहे. त्याचे पाच प्रकार, त्यांतला तमकश्वास म्हणजे साधारण आपला दमा. म्हातारीला 'श्वास लागला' म्हणतो तो याच अर्थाचा. गंमत म्हणजे फारसीतून आलेल्या 'दम'चीही तीच गत: दम म्हणजे श्वास, त्याचाच दमा झाला. प्राण नावाचा रोग मात्र ऐकला नाही.

आता व्याकरण बघा. श्वास थांबला, जीव गेला. पण त्याचे प्राण गेले, प्राण वाचले. हे अनेकवचन कुठून आलं? संस्कृतातही 'जीवित' या अर्थी प्राण बहुवचनीच. पंचप्राण (प्राण आणि वर सांगितलेली अपान वगैरे चार भावंडं) हे एक उत्तर झालं. मला दुसरं जास्त आवडतं, छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायातलं. वाणी, डोळे, कान, मन आणि प्राण यांच्यात मोठं कोण यावरून भांडण जुंपलं. एकेक जण वर्षभर निघून गेला. शरीर मुकं, आंधळं, बहिरं होऊनही जगलं. प्राण निघायला लागला तेव्हा मात्र, उमद्या घोड्यानं पायबंदाचे खुंटे उपटावेत तसे बाकीचे सगळे उपटले जाऊ लागले. (बिथरलेल्या बैलानं खुटा उपटलेला आबाजींनी पाहिला असणारच.) तेव्हापासून डोळे, कान, वाणी, मन या साऱ्यांनाच 'प्राण' म्हणतात, असं उपनिषद सांगतं.

आबाजी बैलाच्या नाकपुड्या बघत नव्हते, त्याचे पडलेले कान बघत होते.