तुम्ही विचारलंत: उत्तरेकडच्या जंगलांना थंडीच लागते

गेल्या अंकात कॅनडातल्या वणव्यांवर एक छोटं टिपण दिलं होतं, त्यावर इतके मेल आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. कॅनडा, अलास्का, स्कँडिनेव्हिया आणि रशिया असा उत्तर ध्रुवाच्या खालून सूचिपर्णी झाडांचा जो पट्टा जातो, ज्याला बोरिअल किंवा टायगा म्हणतात, त्याच्याबद्दलचे हे प्रश्न आहेत. जगातल्या जंगलाचा साधारण तिसरा हिस्सा या पट्ट्यात आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, आम्ही एडमंटनला राहतो. काही वर्षांपूर्वी जॅस्परच्या नॅशनल पार्कला गेलो तेव्हा डोंगरच्या डोंगर लालसर दिसत होते, मला वाटलं फॉल कलर्स असतील, तर गाइड म्हणाला ही मेलेली पाइनची झाडं आहेत, किड्याने मारलेली. पण कीड तर झाडांना लागतेच की, यात क्लायमेट चेंज कुठून आलं? – मृ. दे., एडमंटन

संबंध आहे, आणि तो थंडीशी आहे. हा किडा म्हणजे माउंटन पाइन बीटल, जेमतेम ५ मिलिमीटरचा काळा भुंगेरा. बाहेरून आलेला नाही, तिथलाच आहे, पाइनच्या सोबतीने हजारो वर्षं राहतोय. मादी साल पोखरून आत शिरते, झाड राळ सोडून तिला बाहेर ढकलायला बघतं, म्हणून अशा झाडाच्या खोडावर मक्याच्या लाह्यांसारखे राळेचे पिवळट-तांबूस गोळे चिकटलेले दिसतात. साल सोलली की आत मादीने कोरलेला उभा बोगदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अळ्यांनी खाल्लेल्या बारीक आडव्या वाटा. आणि खोड आडवं कापलं तर कडेचं लाकूड चक्क निळसर राखाडी असतं, कारण भुंगेरा येताना तोंडातून बुरशी घेऊन येतो आणि ती बुरशी पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवून टाकते. म्हणजे झाड खरं तर तहानेने मरतं. पण लगेच कळत नाही, त्या उन्हाळ्यात ते हिरवंच असतं, पुढच्या वर्षी सुया लाल होतात आणि मग गळून राखाडी सांगाडा उरतो. तुम्ही जे लाल बघितलंत ते आधीच्या वर्षीच मेलेलं होतं.

आता थंडीचं. अळ्या अख्खा हिवाळा सालीखाली काढतात, त्यासाठी शरीरात ग्लिसरॉल साठवतात, ते अँटीफ्रीझचं काम करतं. ते पूर्ण साठलं की ऐन हिवाळ्यात त्यांना मारायला उणे ४० च्या आसपासची थंडी लागते, आणि ती सुद्धा एका रात्रीची नाही, सलग काही दिवसांची. हां, ग्लिसरॉल साठायच्या आधी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच उणे २५ ची लाट आली तर तेवढ्यानेही काम होतं. पूर्वी कॅनडाच्या आतल्या भागात अशी थंडी दर काही वर्षांनी पडायचीच, बहुतेक अळ्या मरायच्या, विषय संपायचा. ती थंडी विरळ होत गेली. १९९० च्या दशकात ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे कॅनडाच्या पश्चिम टोकाच्या प्रांतात, साथ सुरू झाली ती आवरेचना, सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरवर पसरली आणि त्या प्रांतातल्या तोडणीयोग्य पाइनपैकी निम्म्याहून जास्त पाइन मेला.

पण सगळं खापर हवामानावर फोडलं तर तेही बरोबर होणार नाही. या भुंगेऱ्याला मोठी, वयस्क झाडं लागतात, आणि माणसाने कित्येक दशकं प्रत्येक आग विझवत ठेवल्यामुळे एकाच वयाच्या जुन्या पाइनचे मैलोनमैल तयार झाले होते. म्हणजे खाद्य आपण वाढून ठेवलं आणि राखण करणारी थंडी पण आपणच घालवली. त्यात उन्हाळे कोरडे जायला लागले, तहानलेल्या झाडाला राळ कमी सुटते, म्हणजे त्याची लढायची ताकद पण गेली.

२००६ च्या सुमारास भुंगेऱ्यांचे थवेच्या थवे वाऱ्यावर रॉकीज पर्वतरांग ओलांडून शेजारच्या अल्बर्टा प्रांतात आले. ही मला सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट वाटते, कारण तिथून पुढे जॅक पाइन ही पाइनची दुसरी जात सुरू होते, जी पार अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पसरलीय, आणि भुंगेरा जॅक पाइनवरही जगतो हे २०११ मध्ये सिद्ध झालंय. आणि थंडीच राखणदार आहे याचा पुरावा तुमच्या जॅस्परमध्येच आहे, २०१९ च्या फेब्रुवारीत तिथे जुनी म्हणावी तशी कडाक्याची थंडी पडली आणि अळ्या प्रचंड संख्येने मेल्या, त्यानंतर अल्बर्टातली साथ एकदम ओसरली. मेलेली झाडं मात्र उभीच राहिली. जुलै २०२४ मध्ये जॅस्परला आग लागली आणि गावातली साधारण एक तृतीयांश बांधकामं जळाली. त्या आगीत या वाळलेल्या झाडांचा वाटा किती यावर वाद आहे, ऊन आणि वारा पण भयंकर होता तेव्हा.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात जंगल जळतं, मोहासाठी लावतात, तेंदूसाठी लावतात, आणि पहिल्या पावसात परत हिरवंगार होतं. मग कॅनडाच्या आगीचं एवढं कौतुक कशाला? – एक वाचक, चंद्रपूर

दर वर्षीच्या आगीने तुमच्याकडचीही रोपं मरतातच, त्यामुळे त्याला सवलत द्यायला नको. पण तुमचा मुद्दा खरा आहे की दोन्ही आगी वेगळ्या आहेत. आपल्याकडची आग बहुतेक वेळा जमिनीवरचा पाचोळा जाळत जाते आणि सागाचं रोप वरून जळालं तरी खालून फुटवे येतात. स्प्रूस किंवा पाइन अशा तिकडच्या सूचिपर्णी झाडांना बुंध्यातून असं फुटता येत नाही, झाड मेलं की मेलं, पुढची पिढी फक्त बियांतून.

आणि गंमत अशी की आग त्यांनाही हवीच असते. जॅक पाइनचे शंकू राळेने घट्ट बंद असतात, वर्षानुवर्षं फांदीवर तसेच, आगीची धग लागली की राळ वितळते, शंकू उघडतो आणि राखेवर बी पडतं. ब्लॅक स्प्रूसचंही थोडंफार तसंच. ही सगळी व्यवस्था एका हिशोबावर बसवलेली आहे की दोन आगींमध्ये ७०-१०० वर्षं किंवा जास्तच जातील. आता काही ठिकाणी पंधरा-वीस वर्षांतच परत आग येतेय, तोवर नवीन झाडांवर पुरेसे शंकूच धरलेले नसतात, मग बी कुठून येणार. तिथे मग बर्च आणि अ‍ॅस्पेन उगवतात, नाहीतर नुसती झुडपं.

दुसरं म्हणजे खालची जमीन. थंडीमुळे तिथे पालापाचोळा कुजत नाही, शेकडो वर्षांचा मॉस, सुया, मुळं यांचा जाड थर साठत राहतो, काही ठिकाणी तर कित्येक फूट पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. बोरिअल जंगलाचा बराचसा कार्बन झाडात नाही, या जमिनीत आहे. उन्हाळा कोरडा गेला की हा थरच पेटतो, धुमसत खाली जातो, वर बर्फ पडला तरी आत आग जिवंत राहते आणि वसंतात परत बाहेर येते. झॉम्बी फायर म्हणतात त्याला, अलास्का आणि सायबेरियात हे बघायला मिळालंय.

२०२३ चा आकडा सांगते म्हणजे अंदाज येईल. कॅनडात साधारण वर्षाला २५ लाख हेक्टरच्या आसपास जंगल जळतं, त्या वर्षी सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे, म्हणजे अर्धा महाराष्ट्र एका सीझनमध्ये. यलोनाइफ शहरातून जवळपास २०,००० लोकांना बाहेर काढलं, जूनमध्ये न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं ते क्वेबेकच्या धुरामुळे. त्या पाच महिन्यांत आगीतून जेवढा कार्बन हवेत गेला त्याहून जास्त कार्बन कोळसा-तेल जाळून वर्षभरात सोडणारे देश फक्त तीन आहेत, चीन, अमेरिका आणि आपण. आणि हा धूर कोणत्याही देशाच्या कार्बन कमी करायच्या उद्दिष्टात धड मोजला जात नाही, वणवा 'नैसर्गिक' म्हणून बाजूला ठेवतात, हे मला अजिबात पटत नाही.

मी हेलसिंकीला शिकतेय. लॅपलँडला गेलो होतो तेव्हा रेनडिअर पाळणारे सांगत होते की हिवाळ्यात पाऊस पडला की त्यांचे हाल होतात. एवढ्या बर्फात पावसाने काय बिघडतं? – श्रु. का., हेलसिंकी

रेनडिअर हिवाळ्यात बर्फ खुरांनी उकरून खालचं लायकेन (आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीचं) खातात. भुसभुशीत बर्फ असेल तर काही अडचण नाही. पण मध्येच गरमी होऊन पाऊस पडला आणि परत गोठलं की लायकेनवर बर्फाची कडक पाटी बसते, ती फुटत नाही, कळप उपाशी. मग चारा विकत आणून घालायचा, खर्च वाढतो. पूर्वी झाडांना लटकणाऱ्या लायकेनवर तरी निभायचं, पण ते जुन्या जंगलात असतं आणि जुनं जंगल तोडीने कमी झालंय, त्यामुळे सामी, म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या तिथल्या मूळ रहिवाशांवर दोन्हीकडून आलंय.

गरमी वाढली, कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडं उलट जास्त वाढतील ना? आणि जंगल अजून उत्तरेला सरकेल, नुकसान कुठे आहे? – ओ. ज., अकरावी, पुणे

छान प्रश्न आहे, आणि अर्धा खरा पण आहे. अलास्कात ब्रूक्स पर्वतरांगेच्या पलीकडे, जिथे नुसता टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला थंड माळ होता, तिथे व्हाइट स्प्रूसची नवीन झाडं सापडली आहेत. म्हणजे जंगल सरकतंय. पण वेगाचा हिशोब बघ. फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवलं की १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय. झाडाला चालत जाता येत नाही, बी पडणार, रुजणार, वीस-तीस वर्षांनी त्याला बी येणार, तोवर दक्षिणेच्या कडेला ऊन आणि कोरडेपणा पुढे गेलेला असतो, तिथे झाडं वाळायला लागतात. नुसत्या गरमीने वाढ होत नाही, पाणी लागतं, आणि गरम हवा पानांतून जास्त पाणी ओढते.

अजून एक, बर्फाच्छादित मोकळी जमीन ऊन परत फेकते, त्यावर गडद स्प्रूस उभे राहिले की तेच ऊन शोषलं जातं, म्हणजे उत्तरेला जंगल वाढलं की तिथली गरमी अजून वाढायला मदतच होते.

आणि सायबेरियाचं वेगळंच. पूर्व सायबेरियात लार्चची जंगलं कायम गोठलेल्या जमिनीवर, म्हणजे पर्माफ्रॉस्टवर उभी आहेत. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर वितळतो, मुळं तेवढ्यातच पसरतात, आणि खालच्या बर्फामुळे पाणी निचरून जात नाही म्हणून इतक्या कमी पावसातही झाडं जगतात. २० जून २०२० ला याच भागातल्या वर्खोयान्स्कला ३८ अंश नोंदवले गेले, आर्क्टिक सर्कलच्या वर! खालचा बर्फ वितळला की जमीन असमान खचते, झाडं वेडीवाकडी कलतात, एकमेकांवर रेलतात, खड्ड्यांत तळी होतात आणि मुळं कुजतात. पर्माफ्रॉस्टमध्ये अडकलेला कार्बन हवेतल्या कार्बनच्या साधारण दुप्पट आहे, त्यातला थोडा जरी सुटला तरी झाडांनी वाढून शोषलेलं सगळं वाया. २००८ मध्ये कॅनडाच्या वन विभागाच्या शास्त्रज्ञांनी भुंगेऱ्याने मारलेल्या जंगलाचा असाच हिशोब मांडला होता, तर निघालं की कार्बन शोषणारं ते जंगल आता उलट सोडतंय.

आम्ही कॅल्गरीच्या बाहेर घर घेतलंय, मागे सगळी झाडी. आमच्यासारख्यांनी नक्की काय करायचं? – दोन-तीन वाचकांचा हाच प्रश्न

आधी घर. कॅनडात फायरस्मार्ट नावाचा कार्यक्रम आहे, त्यांचं पहिलं सांगणं असं की घराच्या भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळण्यासारखं काहीच नको, झुडूप नको, लाकडाचा भुसा नको, भिंतीला टेकून रचलेली फायरवुड तर नकोच नको. छताच्या पन्हाळीत साठलेल्या सुया दर सीझनला काढा, कारण बरीच घरं आगीच्या भिंतीने जळत नाहीत, उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात.

जवळपास ठरवून लावलेली आग, प्रिस्क्राइब्ड बर्न, करणार असतील तर धुराची तक्रार करायच्या आधी थोडा विचार करा. फर्स्ट नेशन्सचे, म्हणजे कॅनडाचे मूळ रहिवासी असलेले लोक थंड ओलसर दिवसांत हलकी आग लावून जंगल मोकळं ठेवायचे, ब्रिटिश कोलंबियात १८७४ च्या कायद्याने ते बंद पाडलं, आता त्याच लोकांना परत बोलावून शिकावं लागतंय. स्थानिक मीटिंगमध्ये त्याच्या बाजूने बोलणारे आपले लोक असतील तर मला फार बरं वाटेल.

आणि कँपिंगला जाताना घरून सालीसकट लाकूड घेऊन जाऊ नका, सालीखाली भुंगेरे आणि अळ्या प्रवास करतात. जिथे उतरणार तिथलंच विकत घ्या आणि उरलेलं तिथेच सोडून या.