सांगोल्याचं लिहिताना आधी पडलेली सालं बघ

प्रिय पोरी,

सांगोला मतदारसंघावरचा तू पाठवलेला लेख पार्क चौकात चहा घेता घेता वाचला. भाषा चांगलीय, पण पहिल्याच ओळीत घोळ. 'गणपतराव देशमुख १९६२ पासून सलग ११ वेळा आमदार.' सलग नाही गं! मी पण नवीन असताना एकदा 'सलग' छापून बसलो होतो, दुसऱ्या दिवशी एस्टी स्टँडवर सांगोल्याच्या एका म्हाताऱ्याने चारचौघांत माझी अशी काढली की अजून कान गरम होतात.

११ हा आकडा खराय, सगळ्या वेळा शेतकरी कामगार पक्षाकडूनच, म्हणजे शेकापकडून. पण मधे दोनदा पडलेत ते. १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी पाडलं, मग १९७४ ला पोटनिवडणूक लागली त्यात हे परत आले. ही पोटनिवडणूक सगळे विसरतात. नुसत्या सार्वत्रिक निवडणुका मोजल्यास तर १०च भरतात, करून बघ.

दुसरं १९९५. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील १९२ मतांनी आले. १९२! एवढी मतं तर एखाद्या वाडीवर निघतात. त्यानंतर बापूंना परत आमदार व्हायला २०१९ उजाडलं, तेही शिवसेनेकडून, आणि समोर गणपतरावांचे नातू अनिकेत, फरक फक्त ७६८. लोकांना बापू म्हणलं की 'काय झाडी, काय डोंगार' तेवढंच आठवतं, मला विचारशील तर खरी स्टोरी ती मधली २४ वर्षं आहेत, पडायचं आणि परत उभं राहायचं, त्यावर दोन पॅरा जास्त लिही.

२०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब शेकापकडून आले. तेव्हा शिंदेंच्या सेनेकडून बापू आणि ठाकरेंच्या सेनेकडून दीपकआबा साळुंखे असे दोघं होते. आता दोघांची बेरीज करून 'एकत्र असते तर' असलं काही लिहू नकोस, मतं काय घागरीतलं पाणी आहे का, इकडचं तिकडं ओतायला.

अजून एक, नाव तेच राहिलं तरी हद्द तीच असते असं नाही. २००८ च्या मतदारसंघांच्या फेररचनेनंतर सांगोल्यात पंढरपूर तालुक्यातला भाळवणीकडचा भाग पण आहे, म्हणजे २००४ आणि २००९ ची मतं शेजारी ठेवताना जपून. आपल्या सोलापुरात तर शहर दक्षिण मतदारसंघच गेला, जिथून माकपचे नरसय्या आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ ला आले होते. प्रणिती शिंदे २००९ पासून तीनदा आल्या तो शहर मध्य, नवा. बरेच जण दोन्ही एकाच तक्त्यात कोंबतात आणि मग 'मास्तरांचा बालेकिल्ला ढासळला' वगैरे. अरे किल्लाच राहिला नव्हता!

अलीकडच्या निवडणुकांचे फॉर्म २० काढून घे, बूथवार मतं त्यातच मिळतात. बूथचे नंबर बदलत असतात म्हणून गावाच्या नावाने जुळव, डोकं उठेल पण कर.

रविवारी सकाळच्या गाडीने सांगोल्याला जाऊ. १९९५ ला मोजणीच्या टेबलावर बसलेला एक माणूस ओळखीचा आहे, बोलायला लागला की थांबत नाही, वही मोठी आण.

तुझा,
काका