थोरल्या सुनेची 66 कूपनं

पत्र, थोडं कापून:

"ताई, आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. ह्या जानेवारीपासून मी कपड्यांचं रेशन पाळतेय, दुसऱ्या महायुद्धात इथे होतं तसं, वर्षाला 66 कूपनं, सगळं वहीत लिहून ठेवते. आता 19 उरलीत. डिसेंबरात सांगलीला धाकट्या दिराचं लग्न आहे, पाच कार्यक्रम आणि प्रत्येकाचा रंग ठरलेला. सासूबाई मला पैठणी घेणार होत्या, मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं की मी ह्या वर्षी रेशनवर आहे, नवीन साडी नको. तेव्हापासून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत, नणंदेला म्हणाल्या तिला माझ्या हातचं नकोय. नवरा म्हणतो आता पुरे कर. लेक तेरा वर्षांची आहे, ती म्हणते मला तुझ्या वहीत घालू नकोस. आणि अजून एक, नवऱ्याची नोकरी गेल्या वर्षी गेली, आता लागलीय ती कमी पगाराची आहे, क्रेडिट कार्डावर साडेचार हजार पौंड आहेत, सांगलीत कोणाला माहीत नाही. साडी घेतली तर रेशन मोडतं का? की सोडूनच देऊ हे सगळं?"

साडी घे गं. आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. सासूबाई देतायत ती पैठणी घे, हातात घेऊन नमस्कार कर, आणि तुझ्या वहीत ती मांडूसुद्धा नकोस, कारण तू ज्या रेशनचं नाव घेतेस ते खरेदीवरचं होतं. कूपन जायचं ते दुकानात, गल्ल्यावर, विकत घेताना. एकदा कापड घरात आलं की ते कोणी कोणाला दिलं, आईचं लेकीला गेलं की बहिणीचं बहिणीला, त्याच्यावर कोणी शिक्का मारायला येत नव्हतं. जुन्या वापरलेल्या कपड्यांनाही साधारणपणे कूपन लागायचं नाही, टोपीला तर लागतच नव्हतं, म्हणून त्या काळच्या फोटोंमध्ये कोट जुनाट पण डोक्यावर हौसेची टोपी अशा बायका दिसतात. म्हणजे लोकांनी हौस टाकली नव्हती, जिथे मोकळीक होती तिथे वळवली होती.

तू 19चा आकडा धरून बसलीयस म्हणून तुझ्याच पद्धतीने हिशोब करून पाहिला. कापडाला वारावर कूपनं असायची, 36 इंच पन्ह्याच्या एका वाराला लोकरी असेल तर 3, बाकी कशालाही 2. सहावारी साडीचा पन्हा असतो 45 इंचांच्या आसपास, म्हणजे साधारण 15 कूपनं होतात, वर ब्लाउजची 5, झाली 20. तुझ्याकडे 19. एका कूपनासाठी तू सासूबाईंना दुखवलंस असं मी म्हणत नाहीये, पण ग्रुपवर लिहायच्या आधी हा हिशोब तुझ्या डोक्यात नक्की फिरला असणार असं मला वाटतं, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरली. रेशन हे तुझ्या खरेदीवरचं बंधन आहे. दुसऱ्याच्या देण्यावर ते लावायचा अधिकार तुला नाही, त्यातून थोरल्या सुनेला लग्नघरात साडी देणं हा सांगलीकडे सासूचा मान असतो, तो तिने द्यायचा आणि तू घ्यायचा. तू "साडी नको" लिहिलंस, त्यांनी "तुम्ही नको" वाचलं. आणि तेही सगळ्या चुलत्या-मावश्यांसमोर, ग्रुपवर!

आता रेशनबद्दल, कारण मला ते आवडलंय आणि तू ते सोडावंस असं मला अजिबात वाटत नाही. पण तू त्यातला फक्त आकडा उचललास, बाकीचा अर्धा भाग राहिला.

1 जून 1941, रविवार, रेडिओवर मंत्र्यांनी जाहीर केलं की आजपासून कपड्यांवर रेशन. इतकं गुपित ठेवलं होतं की कपड्यांची वेगळी पुस्तकंसुद्धा छापलेली नव्हती, सुरुवातीला अन्नधान्याच्या पुस्तकातली मार्जरीनची कूपनं कपड्याला चालवली. का, तर आधी कळलं असतं तर ज्यांच्याकडे पैसा त्यांनी दुकानं धुऊन नेली असती. गिरण्यांतली माणसं, जहाजांतली जागा आणि कच्चा माल लढाईसाठी मोकळा करायचा होता आणि उरलेलं कापड सगळ्यांना सारखं मिळायला हवं होतं. पहिल्या वर्षी 66, मग कमी कमी होत गेली, लढाई संपल्यावर 1945-46च्या हिवाळ्यात तर आठ महिन्यांना 24 कूपनं होती, आणि हे सगळं उठलं ते थेट मार्च 1949मध्ये. आठ वर्षं बायका हे निभावू शकल्या त्याचं एक मोठं कारण म्हणजे शेजारणीचंही तेच चाललं होतं, कोणाला कोणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. तू एकटीने पाळतेयस. म्हणून तुला समजावून सांगावं लागणार, आणि ते एका मेसेजमध्ये होत नाही.

दुसरी गोष्ट तर तुझ्यासाठी फारच महत्त्वाची आहे. कूपन म्हणजे पैसे नव्हेत! ती नुसती परवानगी होती, कूपन देऊन वर कपड्याची पूर्ण किंमत मोजावी लागायची, आणि स्वस्तातल्या फ्रॉकला आणि भारीतल्या फ्रॉकला कूपनं सारखीच. त्यामुळे व्हायचं काय की पैसेवाल्या बाईचा कोट दहा वर्षं टिकायचा आणि गरिबाघरचा दोन हिवाळ्यांत विरायचा, म्हणून मग सरकारने किमती बांधून दिलेले 'युटिलिटी'चे कपडे आणले, सीसी41 असा शिक्का असलेले, कापड चांगलं पण पुरुषांच्या पँटला खाली दुमड नाही आणि चुण्या, खिसे, बटणं मोजून मापून. हे तुला सांगायचं कारण असं की तुझ्या मूळ पत्रातल्या यादीत जो 14 कूपनांचा कोट आहे तो तू कार्डावर घेतलास, तू स्वतःच लिहिलंयस. कूपनात बसला म्हणून घेतला. म्हणजे वही सांगतेय सगळं ठीक आणि कार्ड सांगतंय ठीक नाही. तर उद्यापासून वहीत दोन रकाने कर, एक कूपनांचा आणि एक पौंडांचा, आणि दोन्हींत बसलं तरच घ्यायचं. 19 कूपनं उरलीत म्हणजे ती संपवलीच पाहिजेत असं काही नाही.

आणि आता ते साडेचार हजार. अगं, तुझ्या मूळ पत्रात ह्यावर एकच ओळ होती, अगदी शेवटी, आणि पैठणीवर दोन पानं होती. मला वाटतं खरा गुंता त्या एका ओळीत आहे. तू रेशन मनापासून पाळतेस ह्यात मला शंका नाही, पण त्यामागे लपायलाही बरं पडतंय, पैसे नाहीत म्हणण्यापेक्षा रेशनवर आहे म्हणणं सोपं जातं. परदेशात राहणाऱ्या सुनेने "ओढाताण चाललीय" म्हणायचं म्हणजे तोंडातून शब्द फुटत नाही, इथून तिकडे गेलेल्या माणसाकडे पैसे असणारच असं सगळे धरून चालतात आणि आपणही ते चालू देतो. मी तुला दोष देत नाही. पण सासूबाईंना नकार कळला आणि कारण कळलं नाही, मग त्यांनी स्वतःच एक कारण शोधलं, आणि माणूस असं कारण शोधतो तेव्हा नेमकं सगळ्यात बोचणारं सापडतं.

तेव्हा फोन कर, मेसेज नको. नवऱ्याने आणि तू दोघांनी मिळून कर, आणि नोकरीचं त्याने सांगायचं, तू नाही. आई त्याची आहे. मुलाची नोकरी गेली होती हे इतक्या उशिरा सुनेकडून कळणं आणि मुलाकडून कळणं ह्यात खूप फरक आहे. रक्कम सांगायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, माझ्या मते आकडा सांगायची गरज नाही, "हात आखडता आहे, कर्ज फेडतोय, अजून वर्षभर लागेल" एवढं पुरे. मग तू बोल. "आई, मी ग्रुपवर तसं लिहायला नको होतं. तुम्ही द्याल ती साडी मला हवी आहे. बाकी चार कार्यक्रमांना मी नवीन घेणार नाही, मला परवडत नाही आणि मला नकोही आहे, त्यासाठी तुमच्या कपाटातलं काही द्याल का?" ह्यातलं शेवटचं वाक्य विसरू नकोस. लग्नात सुनेने सासूची जुनी साडी नेसणं ह्यात उणं काही नाही, उलट चार बायका विचारतील तेव्हा "ही आईंची" म्हणताना त्यांची मान ताठ होईल. हळदीला पिवळं पाहिजे ना? सांगलीतल्या कुठल्याही कपाटात एक पिवळी साडी असतेच.

कार्डाचं तेवढ्यावर सोडू नका. तिकडे स्टेपचेंज आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ह्या संस्था कर्जाबद्दल फुकट सल्ला देतात, फोन करा, दोघंही बसा समोर. लग्नाच्या तिकिटांचा खर्च अजून व्हायचाय, तो कार्डावर जायच्या आधी हे व्हायला हवं.

आता ब्लाउज, कारण जुनी साडी म्हटलं की तिथेच अडतं. नवीन शिवायला जाऊ नकोस. तुझ्याकडचे जुने ब्लाउज उलटे कर आणि काखेखालची शिवण बघ, आपल्या टेलरने आत माया सोडलेली असते, दोन्ही बाजूंना बोटभर तरी, कधी दोन-तीन टिपा एकाशेजारी एक मारलेल्या असतात. सगळ्यात आतली टीप, म्हणजे अंगाला लागून असलेली, ब्लेडने नाही, उसवायच्या हुकाने किंवा सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून काढ, की ब्लाउज पुढच्या टिपेवर जाऊन बसतो आणि छातीत चांगला इंच-दीड इंच मोकळा होतो. जुन्या टिपेची रेघ दिसली तर आतून ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरव, बरीचशी जाते. दंडाला घट्ट असेल तर बाहीतही तेच. सोनेरी किंवा काळा असा एक ब्लाउज नीट बसला की तीन साड्यांवर चालतो. साडीचा फॉल विरला असेल तर तेवढा बदल, अख्खी साडी बाद करू नकोस, खालचा काठ आधी जातो कारण जमिनीला तोच घासतो. आणि पैठणी घरी आणलीस की प्लॅस्टिकमध्ये ठेवू नकोस, मलमलच्या फडक्यात बांध, दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाल नाहीतर घडीवर रेशीम तुटतं. अत्तर-स्प्रे जरीवर मारायचं नाही, जर काळी पडते.

हे सगळं तुला सासूबाई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, विचारून बघ. युद्धाच्या काळात आपल्याकडेही गिरण्यांचं कापड लष्कराकडे वळलं होतं, भाव भडकले, 1943मध्ये सरकारला कापडावर आणि सुतावर कंट्रोल आणावा लागला, 'कंट्रोलचं कापड' त्यांच्या आईने नक्की पाहिलं असणार. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून दोन चांगले तुकडे जोडायचे, दांड घालायचा, आणि तेही गेलं की त्याची गोधडी, आणि गोधडी गेली की पायपुसणं. तिकडे ब्रिटिश सरकारने 1943 साली 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढून बायकांना रफू आणि ठिगळं शिकवली, आपल्या आज्यांना ती पुस्तिका लागली नसती. तुझा रेशनचा विषय फोनवर काढायचा असेल तर इथून काढ, त्यांच्या आईच्या लुगड्यापासून. मग तो तुझा इंग्लंडातला प्रयोग राहत नाही, त्यांच्याही घरचा होतो.

राहिली लेक. तिचं म्हणणं बरोबर आहे, तिला तुझ्या वहीतून काढ. त्या रेशनमध्येसुद्धा मुलांना वरची कूपनं मिळायची, कारण अंगाला वाढ असते, आणि पुढे महिला स्वयंसेवकांनी मुलांच्या कपड्यांची अदलाबदल केंद्रं चालवली, लहान झालेले द्या, मोठे घेऊन जा. तुझ्या लेकीच्या शाळेतही युनिफॉर्म सेकंडहँड मिळायची काहीतरी सोय असेल, आता इंग्लंडमधल्या शाळांनी ती ठेवावी असं सरकारी मार्गदर्शनच आहे, वेबसाइटवर बघ, ऑफिसात विचारायला लाजू नकोस. तिथून ब्लेझर-स्कर्ट घे, पण खेळाचे बूट आणि आतले कपडे नवीनच घे, त्यात काटकसर करायची नाही, तेरा वर्षांच्या मुलीला चेंजिंग रूममध्ये काय काय ऐकावं लागतं ते तुला माहीत आहे. लग्नासाठी तिला एक ड्रेस तिच्या पसंतीचा घेऊ दे, आधी बजेट सांगून टाक आणि मग दुकानात मधे बोलू नकोस. नोकरीचं तिलाही सांगा दोघं, तिच्या वयाला झेपेल एवढंच, पण सांगा, घरात काहीतरी बिनसलंय हे तिला कळलंच असणार आणि वहीवरचा राग बहुतेक त्याचाच आहे.

फोन ह्या रविवारीच करा, सांगलीत दुपारची जेवणं आटोपली की. आणि पैठणीचा रंग विचारला तर तूच सांग, "तुम्ही ठरवा" म्हणू नकोस, त्यांना तुझी आवड ऐकायची आहे.

— तुझी ताई