धामणाचा कामठा मोडतो, माप कुठलं धरू?

प्रश्न : नमस्कार काका. मी परभणीचा. दर रविवारी किनवटकडच्या एका वयस्कर कारागिराकडे लाकडी कामठा, म्हणजे धनुष्य, करायला शिकायला जातो. जाडी किती ठेवू असं विचारलं की ते ‘ओढून बघ’ एवढंच म्हणतात. घरी धामणाच्या झाडाच्या लाकडाचे दोन कामठे केले, दोन्ही मोडले. पहिल्याच्या पाठीवरून लांब सालपट उठलं. दुसरा मुठीच्या वर चार बोटांवर कटकन तुटला. माप कुठलं धरू?
– एक वाचक

उत्तर : दादा, ते माप लपवत नाहीत. एकाच झाडाच्या दोन फोकाट्या सारख्या लवत नाहीत, मग आकडा सांगणार कशाचा? त्यात जाडीचा हिशेब फार कडक. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर आठवा हिस्साच उरतो. कानस चार वेळा जास्त फिरली तरी ती जागा मऊ पडते, आणि मग सगळा बाक तिथंच गोळा होतो. तुमचा दुसरा कामठा असाच गेला.

पहिल्याचं कारण वेगळं. पाठ, म्हणजे निशाणाकडची बाजू, ओढताना ताणली जाते, पोट दबतं. तुम्ही पाठीला रंधा मारला असणार. तिथल्या रेषा तुटल्या की सालपट उठणारच. साल काढा, बाकी पाठीला हात लावू नका. खरवडायचं ते पोटाकडूनच.

लाकूड मात्र चांगलं निवडलंत. संस्कृतात धामणाला धनुर्वृक्षच म्हणतात, आणि आपल्याकडं कुऱ्हाडीचे दांडेही त्याचेच. फक्त ते बांधावरचं किंवा पावतीचं असू द्या. शिकारीचं मनात आणू नका, 1972 च्या कायद्यानं ती गुन्हा आहे.

मी सुतार. माझे उस्ताद मला चुन्याच्या भिंतीपुढं कामठा ओढून धरायला लावायचे आणि स्वतः दहा पावलं मागं जाऊन बसायचे. पांढऱ्या भिंतीवर बाक स्वच्छ दिसतो. मग उठून यायचे आणि जिथं लाकूड लवत नाही तिथं कोळशाची रेघ मारायचे. तेवढीच रेघ पुसली जाईल इतकं खरवडायचं, मऊ जागेला शिवायचंही नाही. मग वीस-तीस वेळा अर्धवट ओढायचा, तेव्हा कुठं नवा बाक दिसतो. पुन्हा भिंत, पुन्हा रेघ. माझे हात शिवशिवायचे, इतका धीर लागायचा. पण एक वीत ओढून बाक सारखा आला नाही तर दोन वीत ओढायची परवानगीच नव्हती. घाई करून पूर्ण ओढलेला कामठा एकदा माझ्याही हातात मोडलाय.

बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी सोडू नका आणि काम झालं की ती उतरवून ठेवा.

दोन्ही कामठ्यांचे तुकडे टाकू नका. येत्या रविवारी पिशवीत घालून न्या, त्यांच्यापुढं ठेवा आणि ‘बाबा, रेघ कुठं मारली असती?’ एवढंच विचारा.