खानापूरची झाडं तोडली म्हणून बेळगावचा पाऊस कमी झाला, असं संशोधन खरंच सांगतं का?

तुम्ही विचारलंय तितकं ते सरळ नाही. जून-जुलैत आपल्याकडे धो धो कोसळतो तो पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि घाटाला अडून पडतो. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीत छत्री मिटायची सोय नसते आणि त्याच बेळगाव जिल्ह्यात पूर्वेकडच्या अथणीची माणसं आभाळाकडे बघत बसतात, ही करणी डोंगराची. कणकुंबीला जंगल आहे ते पावसामुळे. आपण नेहमी उलटं म्हणतो.

मी खानापूर तालुक्यातली. उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचे नकाशे करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, म्हणून थोडं लांबवते.

झाडांचा पावसाशी संबंध नाही असं मात्र नाही. मुळांनी ओढलेलं पाणी झाड पानांवाटे हवेत सोडतं आणि त्यातलं काही पुन्हा पाऊस होऊन पडतं. झाडी जाऊन शेती आली की हे फिरतं पाणी घटतं आणि गंगेच्या खोऱ्यात, ईशान्येत पाऊस कमी होतो, असं मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१६ साली मांडलं. पश्चिम घाटातल्या जंगलांचं बाष्प तमिळनाडूच्या पावसाला मिळतं, हेही पुढे दाखवलं गेलं. पावसाळी वारा पश्चिमेकडून पूर्वेला जातो. म्हणजे घाटातली झाडं तोडल्याचा भुर्दंड बऱ्याचदा पलीकडच्यांना.

त्याहून चक्रावणारं काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं, २०१५ चं. त्यांनी संगणकात उत्तरेकडच्या थंड देशांतली जंगलं पुसून टाकली, तर भारतातला पाऊस १८ टक्क्यांनी घटला! उघडी जमीन ऊन जास्त परतवते, उत्तर गोलार्ध थंडावतो आणि पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो. अर्थात हा कल्पनेतला प्रयोग, एवढं जंगल कुणी तोडत नाहीये.

आता उलटी बाजू. हवामानामुळे जमीनही बदलते, पण आपल्याकडे ते माणसाच्या हातून. आमच्या घरी धूळवाफ पेरणीचं, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरलेलं, भात असायचं. लागोपाठ दोन वर्षं पावसाने ओढ दिली, दुबार पेरणी झाली, मग बाबांनी बोअर मारून ऊस लावला. शेजारच्या काकांनी नाचणा सोडून काजू केला. कुणी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून मोकळं झालं. उपग्रहाला हे सगळं हिरवंच दिसतं. मार्चमध्ये तर पानगळीच्या जंगलापेक्षा ऊसच हिरवागार. मी स्वतः एकदा नीलगिरीची अख्खी लागवड जंगलाच्या रंगात रंगवली होती. गावी गेल्यावर चूक कळली. म्हणून ‘हिरवं क्षेत्र वाढलं’ अशी बातमी वाचलीत की चित्र कुठल्या महिन्यातलं आणि झाड कुठलं, हे आधी विचारा.

शहरातली उष्णता ही वेगळी आणि बरीच खात्रीची गोष्ट. ओली माती आणि झाडं उन्हाचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च करतात. डांबर आणि स्लॅब तो साठवून रात्री परत देतात. गरिबांचं महाबळेश्वर म्हणवणाऱ्या बेळगावात आता पंख्याशिवाय झोप लागत नाही, त्यात याचा हात आहेच.

तुम्हाला स्वतः काही तपासायचं असेल तर पावसाच्या वर्षाच्या बेरजेपेक्षा डिसेंबरनंतर ओढ्याला पाणी किती दिवस टिकतं ते बघा. आमच्या गावचा ओढा पूर्वी होळीपर्यंत वाहायचा, असं आजी सांगते. ती दोष झाडं तोडणाऱ्यांना देते. मी अजून ओढ्याकाठचे बोअर मोजतेय, आमचा धरून.