जर्मनीतील रॉइस संस्थानाच्या १८६८ च्या चांदीच्या नाण्यावर रोमन अंकांत ‘तीस’ का कोरलेले आहे?

हे नाणे ‘फेराइन्सटालर’, म्हणजे अनेक जर्मन राज्यांत समान असलेले ‘टालर’ नावाचे चांदीचे नाणे, आहे. १८५७ च्या व्हिएन्ना चलन-करारानुसार पाचशे ग्रॅमच्या एका पौंड शुद्ध चांदीतून असे तीस टालर पाडावेत असे ठरले होते, आणि ‘तीस, एक पौंड शुद्ध’ अशा अर्थाचा नाण्यावरील जर्मन मजकूर हेच प्रमाण सांगतो. म्हणजे तो आकडा नाण्याची किंमतही नव्हे आणि संस्थानिकाचा क्रमांकही नव्हे. नाण्याचे वजन सुमारे १८.५ ग्रॅम असून त्यात नव्वद टक्के चांदी असते. संस्थानिकाच्या चेहऱ्याखालचे बारीक ‘ए’ हे अक्षर बर्लिनच्या टांकसाळीची खूण आहे, कारण जेमतेम ३१६ चौरस किलोमीटरच्या या संस्थानाने नाणी तिथूनच पाडून घेतली.

क्रमांकाचा गोंधळ मात्र समजण्यासारखा आहे. रॉइस घराण्यात प्रत्येक पुरुषाचे नाव हाइनरिख असे, हे नाणे घराण्याच्या ज्या ज्येष्ठ शाखेचे आहे तिच्यात हे क्रमांक शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू होत, आणि या नाण्यावरचा संस्थानिक बाविसावा हाइनरिख आहे. जर्मनीच्या एकीकरणानंतरही असे टालर नव्या चलनातील तीन मार्क दराने १९०७ पर्यंत चालत राहिले.